पिशवीबरोबर काय गेले?

आपल्या भागात बायका एकमेकींना एक प्रश्न अगदी सहज विचारतात : 'पिशवी काढली का गं?' चिटगुप्पा असो, हुमनाबाद असो की आळंद, लग्नाच्या मांडवात किंवा हळदीकुंकवाला हा प्रश्न कानावर पडतोच. 'दाढ काढली का?' म्हणावे, तितक्याच सहजपणे. उत्तरही ठरलेले असते. 'मुलं झाली, आता तिचा उपयोग काय? उगाच पुढं कॅन्सर नको.' पस्तिशीतली बाई चार दिवस दवाखान्यात राहून येते, काही आठवडे जड उचलत नाही आणि मग पुन्हा शेताला, दुकानाला, चुलीला लागते. पाळीची कटकट संपली, एवढेच घरात सगळ्यांच्या लक्षात राहते.

पण पिशवीबरोबर पुष्कळदा आणखी काही काढलेले असते. दोन्ही बाजूंचे अंडाशय. दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर ते इंग्रजीत लिहिलेले असते, आणि तो कागद कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन बसतो. दहा-बारा वर्षांनी त्याच बाईला जिना चढताना धाप लागते, छातीत जड वाटते. त्या वेळी हा जुना कागद कोणी काढून बघत नाही. गर्भाशयाचा आणि हृदयाचा संबंध काय, असेच सगळ्यांना वाटते.

हा संबंध ओळखायला शास्त्रज्ञांनाही सुमारे सव्वाशे वर्षे लागली. त्याची हकीकत ससे, कोंबडे आणि पुढे हजारो बायका यांच्यावरून जाते, आणि शेवटी आपल्याच रक्तातल्या एका खादाड पेशीपाशी येऊन थांबते. ती आपल्या जिल्ह्यांपर्यंत कशी येते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

खाणारी पेशी

१८८२ साली इटलीतल्या मेसिना शहरी समुद्रकाठच्या घरात एल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तारामाशाची पिले सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. पिले काचेसारखी पारदर्शक. त्याने बागेतले गुलाबाचे काटे आणून त्यांच्या अंगात टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरात काही परके शिरले की त्याला घेरून खाऊन टाकणाऱ्या पेशी असतात, हे त्यातून पुढे आले. अशा पेशींतल्या मोठ्या पेशींना त्याने 'मॅक्रोफेज' म्हणजे 'मोठे खाणारे' म्हटले. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. १९०८ साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक मिळाले.

या मेचनिकॉफचा ओडेसा विद्यापीठातला एक विद्यार्थी आपल्या ओळखीचा आहे. त्याचे नाव वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिनने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्या नावाची. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या गोष्टी दख्खनमधल्या जुन्या घरांत अजून सांगतात. त्या काळी प्रतिकारशक्ती म्हटले की डोळ्यांपुढे येत असे ती साथ, लस आणि जंतू. या पेशींचे हृदयाशी काही नाते असेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

ससे आणि कोंबडे

ते नाते पहिल्यांदा दिसले सशांच्या रक्तवाहिन्यांत. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकॉव्ह आणि सेम्यॉन खालातॉव्ह यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. काही महिन्यांत सशांच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला पिवळट थर बसले. ते थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर त्यांत चरबीच्या थेंबांनी ठासून भरलेल्या पेशी दिसल्या, साबणाच्या फेसासारख्या. म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. बहुतेक फेसाळ पेशी म्हणजे मेचनिकॉफच्या भक्षक पेशीच. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेले कोलेस्टेरॉल खाऊन त्या फुगतात, तिथेच अडकतात, आणि त्यांच्या ढिगातून हृदयाच्या धमनीतला अडथळा तयार होतो.

इस्ट्रोजेनची गोष्ट याच सुमारास वेगळ्या वाटेने सुरू झाली. १९२३ साली अमेरिकेत एडगर ॲलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडाशयातल्या द्रवात एक प्रभावी पदार्थ आहे, हे दाखवले. १९२९ मध्ये डॉइझीने अमेरिकेत आणि अडॉल्फ बुटेनांटने जर्मनीत, दोघांनी स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या लघवीतून त्याचे स्फटिक काढले. तो स्त्रीचा संप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन. गंमत अशी की शरीर हा पदार्थ कोलेस्टेरॉलपासूनच बनवते. ज्या वस्तूची आपण इतकी धास्ती घेतो, तिच्याशिवाय ना पाळी, ना मूल.

दोन्ही वाटा एकत्र आल्या १९५० नंतर. मायो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९५३ साली शवविच्छेदनाचे एक निरीक्षण छापले. ज्या बायकांचे दोन्ही अंडाशय पूर्वी काढले होते, त्यांच्या हृदयाच्या धमन्या इतर बायकांपेक्षा जास्त खराब झालेल्या होत्या. आज आपल्यासमोर असलेला प्रश्न इतक्या स्पष्टपणे सत्तर वर्षांपूर्वी मांडला गेला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोत रूथ पिक, जेरेमिया स्टॅमलर, लुई कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबड्यांवर एक प्रयोग केला होता. कोंबड्यांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले की त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत थर बसत. त्याच खाण्याबरोबर इस्ट्रोजेन दिले, तर हृदयाच्या धमन्या स्वच्छ राहत. आणि इथेच एक कोडे होते. इस्ट्रोजेन दिलेल्या कोंबड्यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल उतरलेले नव्हते. ते जितके चढायचे तितके चढलेलेच होते. म्हणजे रक्तातला आकडा वाईट असूनही धमनी वाचली. इस्ट्रोजेन जे काही करत होते, ते निव्वळ रक्तातला आकडा खाली आणून करत नव्हते.

आकड्याचे राज्य

या कोड्याकडे पुढची चाळीस वर्षे फारसे कोणी वळले नाही. कारण तो काळ आकड्याचा होता.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि आपली गावे भारतात आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करायचे काम सुरू झाले. रक्तदाब, धूम्रपान आणि रक्तातले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला पटला तो मुख्यतः या गावामुळे. बायकांविषयीची एक नोंदही तिथूनच १९७० च्या दशकात आली. पाळी चालू असलेल्या बाईला हृदयविकार क्वचित होतो. पण त्याच वयाच्या, पाळी गेलेल्या बाईला तो जास्त होतो, मग पाळी आपोआप गेलेली असो की शस्त्रक्रियेने. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीतून आकडा मिळाला. दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न घेतलेल्या बायकांना हृदयविकाराचा धोका दुपटीहून अधिक होता.

कोलेस्टेरॉलचा आकडा आपल्याकडे आला तो तेलाच्या डब्यावरून. करडई हे आपल्या काळ्या जमिनीचे जुने पीक. महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून देशातली बहुतेक करडई पिकवतात. पण 'हृदयासाठी करडईचे तेल' ही जाहिरात आल्यावर घाण्याच्या तेलाला एकदम डॉक्टरी प्रतिष्ठा आली. त्या जाहिरातींत काळजी असायची नवऱ्याच्या हृदयाची, आणि ती घ्यायची बायकोने. बाईचे हृदय कोणाच्या हिशेबातच नव्हते. बायकांना निसर्गाचे संरक्षण आहे, ही समजूत घरांत होती तशी डॉक्टरांतही होती.

मग विचार निघाला की हे संरक्षण औषधातून देता येईल. १९६६ पासून अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहिले. उलटेच झाले. मोठ्या मात्रेच्या गटात झटके आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, म्हणून तो गट १९७० मध्ये बंद करावा लागला. लहान मात्रेचा गटही १९७३ मध्ये थांबवला. तरी पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेनच्या गोळ्या देण्याची लाट वाढतच गेली. या गोळ्या गाभण घोड्यांच्या मूत्रापासून बनत आणि अमेरिकेत १९४२ पासून मिळत होत्या.

परीक्षा झाली १९९८ साली. आधीच हृदयविकार असलेल्या, सरासरी ६७ वर्षांच्या २,७६३ बायकांना दोन गटांत विभागले. एका गटाला इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचा दुसरा संप्रेरक दिला, दुसऱ्याला रिकामी गोळी. औषधाच्या गटात वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ११ टक्क्यांनी कमी झाले आणि चांगले, म्हणजे एचडीएल, १० टक्क्यांनी वाढले. कागदावर सगळे उत्तम. पण झटके कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षात तर औषधाच्या गटातच जास्त झाले. २००२ साली १६,६०८ निरोगी बायकांवरची याहून मोठी पाहणी मुदतीआधीच थांबवावी लागली. त्यात हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग, तिन्ही थोडे वाढलेले दिसले.

आता शिकागोचे कोंबडे आठवा. तिथे आकडा वाईट होता आणि धमनी चांगली राहिली. इथे आकडा चांगला झाला आणि धमनी वाचली नाही. दोन्हीकडून एकच गोष्ट सिद्ध झाली. इस्ट्रोजेनचे खरे काम रक्तातल्या आकड्यावरून कळत नाही. ते धमनीच्या भिंतीत शोधायला हवे होते. तिथे बसलेली होती ती खादाड पेशी.

पेशीच्या आत

या पेशीचा स्वभाव उलगडायला एका भारतीय शास्त्रज्ञाचा हात लागला. डॅलस येथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शरीरातल्या पेशी एलडीएल घेण्यासाठी आपल्या पृष्ठभागावर एक दार ठेवतात. पोट भरले की ते दार बंद होते. या कामासाठी त्यांना १९८५ मध्ये नोबेल मिळाले. पण मग भक्षक पेशी फुटेपर्यंत कशी खाते? १९७९ साली गोल्डस्टीन, हो, बसू आणि ब्राउन यांनी उत्तर दिले. भक्षक पेशीला आणखी एक दार असते. त्यातून बिघडलेले, रूप बदललेले एलडीएल आत येते, आणि हे दार पोट भरल्यावरही बंद होत नाही. घरातला केर उचलणाऱ्याने कुठे थांबायचे हे न ठरवता उचलतच राहावे, तसे. यातले बसू म्हणजे संदीप कुमार बसू. पुढे ते दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीचे संचालक झाले.

म्हणजे ही पेशी जगते की फेसाळते, हे तीन गोष्टींवर ठरते. ती आत किती घेते, आत किती साठवते आणि बाहेर किती काढते. साठवण्यासाठी ती कोलेस्टेरॉलला एक चरबीचा तुकडा जोडून त्याचे थेंब करून ठेवते. बाहेर काढण्यासाठी तिच्या कडेला प्रथिनांचे पंप असतात. ते कोलेस्टेरॉल एचडीएलच्या गाडीत भरून यकृताकडे पाठवतात. त्यातल्या मुख्य पंपाचे जनुक १९९९ मध्ये सापडले.

त्याच १९९९ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी नेमका आपला प्रश्न विचारला. निरोगी पुरुषांच्या आणि बायकांच्या रक्तातून पेशी घेऊन त्यांनी काचेच्या बशीत त्यांच्या भक्षक पेशी तयार केल्या. त्यांना बिघडवलेले एलडीएल खायला दिले आणि सोबत इस्ट्रोजेन दिले. बायकांच्या पेशींत कोलेस्टेरॉलचा साठा कमी झाला. पुरुषांच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा तसा परिणाम झाला नाही. तेच औषध, तेच खाणे, पण पेशी कोणाच्या हे महत्त्वाचे ठरले. १९६६ मध्ये पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन हृदय वाचवू पाहणाऱ्यांना हे कळते, तर कदाचित त्यांनी प्रयोग वेगळा आखला असता.

भक्षक पेशीच्या आत इस्ट्रोजेनला धरणारे प्रथिन असते. कुलपाला किल्ली लागावी तसे इस्ट्रोजेन त्याला लागते, आणि मग पेशीच्या कामाची दिशा बदलते. २०११ साली लॉस एंजेलिसच्या एका गटाने उंदरांत फक्त या जातीच्या पेशींतून ते कुलूप काढून टाकले. बाकी शरीरात इस्ट्रोजेन आणि त्याची कुलपे जशीच्या तशी होती. तरी उंदरिणी जाड झाल्या आणि त्यांच्या धमन्यांतले थर वाढले. बाईच्या शरीरातले संरक्षण काही अंशी या भक्षक पेशींतूनच येते, हे यावरून कळले.

मग १९९८ आणि २००२ च्या बायकांना इस्ट्रोजेनने का वाचवले नाही? याचे एक उत्तर २००७ मध्ये डॅलसहूनच आले. कोलेस्टेरॉलने भरलेली भक्षक पेशी त्यातल्या काहीचे रूप बदलून दुसरा पदार्थ तयार करते. हा पदार्थ इस्ट्रोजेनच्या कुलपात जाऊन बसतो आणि धमनीच्या भिंतीत इस्ट्रोजेनला काम करू देत नाही. म्हणजे धमनी स्वच्छ असताना इस्ट्रोजेन असेल, तर ते पेशीला फेसाळू देत नाही. पण एकदा पेशी फेसाळल्या की त्याच इस्ट्रोजेनची वाट अडवतात. पाहण्यांत घेतलेल्या बायकांची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. २०१६ साली ६४३ बायकांवरच्या चाचणीत हेच दिसले. पाळी जाऊन सहा वर्षे व्हायच्या आत इस्ट्रोजेन सुरू केले, तर मानेतल्या धमनीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरू केले, तर काही फरक पडला नाही.

यावरून कोणी मनाने गोळ्या घेऊ नयेत. आजही डॉक्टर केवळ हृदयासाठी इस्ट्रोजेन देत नाहीत. पण एक गोष्ट या सगळ्या इतिहासातून पक्की झाली. बाईच्या अंगात असलेले इस्ट्रोजेन पस्तिशी-चाळिशीत, धमनी अजून स्वच्छ असताना, जे काम करते ते नंतर भरून काढणे अवघड आहे. गेलेली वेळ परत विकत मिळत नाही.

कलबुर्गी

आता पुन्हा आपल्या भागात येऊ.

भारतीय बाईची पाळी आपोआप जाते ती साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या वयात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पिशवी काढलेल्या बायकांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे मधले वय मात्र पस्तिशीच्या आसपास आहे, आणि यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत होतात. प्रमाण सर्वांत जास्त आहे ते आंध्र आणि तेलंगणात. तेलंगण म्हणजे बिदरच्या पलीकडचे शेत.

२०१५ साली कलबुर्गी जिल्ह्यातले प्रकरण बाहेर आले. लंबाणी तांड्यांवरच्या आणि दलित वस्त्यांतल्या तरुण बायका पोटदुखी, पांढरे जाणे, कंबरदुखी अशा तक्रारी घेऊन खासगी दवाखान्यांत जात, आणि त्यांना कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकली जाई. अशा बायकांचा आकडा दोन हजारांच्या वर सांगितला गेला. महिला संघटनांनी आवाज उठवला, आरोग्य खात्याने चौकशी केली आणि काही दवाखान्यांवर परवाना रद्द करण्यापर्यंत कारवाई झाली. ती पुरेशी नाही म्हणून या बायका पुढेही कलबुर्गीत रस्त्यावर उतरल्या.

२०१९ मध्ये असाच प्रकार बीडच्या ऊसतोडणी कामगार बायकांबाबत उघड झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणजे जवळपास सहा बायकांत एक. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मजुरी बुडते आणि मुकादम दंड लावतो, हेही त्यामागचे एक कारण होते. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा आदेश दिला.

या प्रकरणांची चर्चा झाली ती फसवणूक, पैसा आणि गरिबी या अंगाने, आणि ते योग्यच होते. पण त्या बायकांच्या धमन्यांचा हिशेब कोणी मांडला नाही. पस्तिसाव्या वर्षी अंडाशय गेले, तर निसर्गाने दिलेली दहा-बारा वर्षे कमी होतात. त्या वर्षांत भक्षक पेशीला आवरणारा हात उरत नाही. ऊस तोडणारी किंवा तूर काढणारी बाई दिवसभर राबते, तेल-तूप तिच्या वाट्याला जेमतेम येते, म्हणून तिला हृदयविकार होणार नाही असे आपण मानतो. पेशी मात्र कोणाची गरिबी बघत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर इस्ट्रोजेन एकदम बंद होत नाही. ते अंडाशयातून येते, पिशवीतून नाही. काही पाहण्यांत असे अंडाशय थोडे लवकर थकतात, असे दिसले आहे. पण दोन्ही अंडाशय काढले, तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी जवळपास संपते. म्हणून 'पिशवी काढली का?' हा आपला नेहमीचा प्रश्न अर्धाच आहे. त्याच्यापुढे 'अंडाशय ठेवले का?' हा दुसरा प्रश्न हवा.

सगळ्याच शस्त्रक्रिया चुकीच्या असतात, असे मुळीच नाही. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी यांत पिशवी काढणे जीव वाचवणारे असते, आणि काही घराण्यांत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका असल्याने अंडाशयही काढावे लागतात. हा निर्णय डॉक्टरांनी आणि त्या बाईने मिळून, कारण कळून, घ्यायचा असतो. नुसती भीती हे कारण होऊ शकत नाही.

महालक्ष्म्यांच्या दिवशी

हा अंक हाती येईल तेव्हा घरोघरी गणपती बसलेले असतील आणि महालक्ष्म्यांची तयारी चालू असेल. पहाटेपासून पुरण, सोळा भाज्या, सवाष्णींची पंगत. सगळ्यांची पाने उठेपर्यंत घरची बाई उभी असते. तिला घाम फुटला, धाप लागली, जबड्यात किंवा पाठीत दुखले, मळमळले, तर ती सांगते, 'उपाशी पोटी पित्त झालंय.' आणि आपण तिला लिंबूपाणी देतो. बायकांतला हृदयविकार पुष्कळदा असाच, छातीतली ठरलेली कळ न येता, पित्ताचे सोंग घेऊन येतो. चाळिशीच्या आत अंडाशय गेलेल्या बाईच्या बाबतीत तर पित्ताचा विचार सर्वांत शेवटी करायला हवा.

महालक्ष्म्यांना लेकी-सुना, नणंदा-भावजया, बिदर-कलबुर्गी-सोलापूर-हैदराबादकडच्या सगळ्या एकत्र येतात. अशा वेळी एक काम सहज होण्यासारखे आहे. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांचा जुना डिस्चार्जचा कागद शोधावा आणि इंग्रजी वाचता येणाऱ्या नातवंडाकडून वाचून घ्यावा. अंडाशय काढले की ठेवले, आणि कोणत्या वयात, हे एका वहीत लिहून ठेवावे. अंडाशय लवकर गेले असतील, तर कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट आधी सांगावी आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल दर वर्षी तपासून घ्यावे. ज्यांना आता कोणी पिशवी काढायला सांगितले आहे, त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय सही करू नये, आणि अंडाशयांबद्दल वेगळे विचारावे.

मायो क्लिनिकच्या डॉक्टरांनी जे १९५३ साली पाहिले, ते बायकांच्या मृत्यूनंतर पाहिले. आपल्या घरातल्या बायका समोर पंगतीत वाढत आहेत. त्यांना विचारायला आपल्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही.